ब्रिसोलचा रिता कबुतरखाना

फ्रान्सच्या मध्यावर, जिथे नद्या अजून लहान आहेत आणि टेकड्या फारशा उंच होत नाहीत, तिथे ब्रिसोल नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला जुन्या जहागीरदाराचा महाल आहे. तिकडे त्याला शातो म्हणतात. अठराव्या शतकातलं बांधकाम. पिवळसर दगड, काळ्या पाट्यांचं उतरतं छप्पर, समोर दुतर्फा लिंडनची झाडं आणि मागे चौकोनी तळं. येणारे पाहुणे हे सगळं कौतुकाने बघतात, फोटो काढतात, मोठमोठ्याने बोलत पुढे जातात. मग बागेच्या टोकाला, जिथून शेतं सुरू होतात तिथे, एक गोल बुरूज लागतो आणि लोकांचे आवाज आपोआप खाली येतात.

तो बुरूज म्हणजे कबुतरखाना. वाकून आत गेलं की चारी बाजूंनी भिंतीत खणच खण दिसतात, तळापासून थेट छपरापर्यंत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. एकेका खणात एकेक जोडी राहायची, अशी हजारभर जोडपी. मधोमध जाड लाकडी खांब आहे. त्याला आडव्या दांड्यांवर एक शिडी अडकवलेली आहे. खांब फिरवला की शिडी भिंतीलगत फिरते, म्हणजे राखणदाराला खाली न उतरता कुठल्याही खणाशी हात नेता येतो. सगळं जागच्या जागी आहे, नाही ती फक्त कबुतरं. शातोच्या छपरावर कबुतरं आहेत, चर्चच्या मनोऱ्यावर आहेत, तळ्याकाठी तर ती पाहुण्यांच्या पायांत घुटमळतात. बुरुजावर मात्र एकही बसत नाही. भिंतीवर विष्ठेचा ठिपकासुद्धा सापडायचा नाही.

बाग दाखवायला म्हातारा तेओफिल असतो. त्याचे वाडवडील याच बागेत माळीकाम करत आले. बुरुजाशी आला की तो टोपी काढतो, ती दोन्ही हातांत धरतो आणि सांगू लागतो.

असं सांगतात की त्या काळी कबुतरं पाळण्याचा हक्क फक्त जहागीरदाराला होता. पाखरं मालकाची, पण चरायची रयतेच्या शेतात. आणि रयतेतल्या कुणी त्यांच्यावर दगड उगारला तरी त्याच्या पाठीवर कोरडे ओढले जायचे. एवढाच दिलासा होता की पेरणीच्या दिवसांत पाखरं कोंडून ठेवायची आणि त्यांना कोठारातला दाणा घालायचा असा रिवाज होता. ब्रिसोलचा मार्की, म्हणजे तिथला जहागीरदार, हा रिवाज बहुतेक वर्षं पाळायचा. तो वाईट माणूस नव्हता, हे तेओफिल मुद्दाम सांगतो. तो फक्त इथे राहत नसे. पॅरिसला राहायचा आणि उन्हाळ्यात चार दिवस हवा पालटायला यायचा. बाकी वर्षभर सगळा कारभार दिलॉर्म नावाच्या कारभाऱ्याच्या हाती असे.

कबुतरखान्याची राखण माथुरँकडे होती. तो छातीच्या दुखण्याने गेला तेव्हा त्याच्या बायकोने, पेरीनने, काम उचललं. पेरीन तेव्हा चाळिशीला टेकलेली. मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी ती शिडीवर चढायची, पायाने भिंतीला रेटा देऊन शिडी फिरवायची आणि एकेका खणात हात घालायची. कोण अंड्यावर आहे, कुणाची पिल्लं फुटली, कोण आजारी आहे, हे तिला स्पर्शाने कळायचं. स्वयंपाकघरासाठी पिल्लं उचलणं हेही तिचंच काम. पिल्लू उचलताना ती त्याच्या आईची माफी मागायची म्हणे, रोज, प्रत्येकीची. त्या थव्यात एक पांढरी मादी होती, एका पायाने अधू. घरट्यातून पडलेली ती माथुरँने कोटाच्या खिशात ठेवून जगवली होती. तिला ते ब्लांश म्हणत, म्हणजे गोरी. माथुरँ गेल्यावर ब्लांश पेरीनच्या खांद्यावर बसू लागली.

एका उन्हाळ्यात, पीक कापणीला आलं असताना, गारा पडल्या. अंड्याएवढ्या गारा, असं जुनी माणसं सांगत. घटकाभरात गहू मातीत गेला. तो हिवाळा ब्रिसोलने चेस्टनटवर आणि कंदमुळांवर काढला. वसंतातल्या पेरणीसाठी घरोघरी सातूचं थोडं बी राखलेलं होतं, त्याला मात्र कुणी हात लावला नाही. पेरीनचा धाकटा भाऊ बार्नाबे शेतकरी होता. त्याची तान्ही मुलगी त्या हिवाळ्यात गेली. आईला दूध नव्हतं. मुलगी गेली त्याच खोलीत, पाळण्यापासून हातभर अंतरावर, सातूचं पोतं उभं होतं.

बर्फ वितळलं तसं लोकांनी रान नांगरलं आणि अर्धं बी टाकलं. सकाळी बुरुजावरून थवा उठला आणि रानात उतरला. बायापोरं डबे वाजवत, फडकी हलवत धावली. पाखरं इकडून उठायची, तिकडे बसायची. दुपारपर्यंत रानात दाणा उरला नाही.

गावकरी कारभाऱ्याकडे गेले. बाग ओलांडून, चिखलाच्या पायांनी, शातोच्या पायरीशी उभे राहिले. पेरीनही मागे उभी होती.

"पेरणीपुरती पाखरं कोंडा, एवढंच मागणं आहे," बार्नाबे म्हणाला.

दिलॉर्मने मान हलवली. "उन्हाळ्यात मालकांच्या मुलीचं लग्न आहे. दीडशे पाहुणे येणार. पिल्लं गुबगुबीत हवीत असा निरोप आहे. कोंडलेली पाखरं सुकतात, सुकलेली मादी अंडी टाकून देते. मी मालकांना काय तोंड दाखवू?"

"मग कोठारातला दाणा घाला त्यांना."

"कोठाराला हात लावायचा मला हुकूम नाही."

लोक परत फिरले. फाटकाशी आल्यावर बार्नाबे बहिणीला म्हणाला, "उरलेलं बी आम्ही उद्या टाकणार. आणखी थांबलो तर ओल जाईल. हेही गेलं, तर पुढचा हिवाळा बघायला गावात कुणी राहायचं नाही."

पेरीनने एकदा वळून बुरुजाकडे पाहिलं. मग म्हणाली, "टाका उद्या."

ती तिथून थेट गावातल्या चर्चमध्ये गेली. तिथे तिने शपथ घेतली, ती मोठ्याने घेतली म्हणून लोकांना ठाऊक आहे. "रान हिरवं होईपर्यंत माझ्या हातून एकही पाखरू बाहेर जाणार नाही." संध्याकाळी पाखरं बुरुजात परतली, तेव्हा पाण्याची हौदी तिने काठोकाठ भरली. मग छपरावरच्या, पाखरांच्या येण्याजाण्याच्या झरोक्याची फळी दोरीने खाली सोडली. ही दोरी बुरुजाच्या आतच असे. दाराची दुसरी किल्ली कारभाऱ्याकडे होती, म्हणून पेरीनने दार आतून लावलं, अडसर घातला आणि स्वतःही आत राहिली.

दुसऱ्या दिवशी ब्रिसोलमध्ये पेरणी झाली. आभाळ रिकामं होतं. लोक मान वर करून करून बघत होते आणि बुरुजातून येणारा आवाज ऐकत होते. हजारो पंख एकदम फडफडले की तो आवाज पाखरांचा वाटत नाही, पूर आलेल्या नदीसारखा वाटतो.

कारभारी दाराशी आला.

"पेरीन, दार उघड."

"नाही उघडणार, मोंस्यू."

"ही पाखरं मार्कींची आहेत."

"म्हणूनच सांगते. मार्कींच्या घोड्यांना ओट घालता ना? त्यातली थोडी पोती इथे पाठवा. पाखरं जगतील आणि पेराही जगेल. मग माझं काय करायचं ते करा."

दिलॉर्म दाराबाहेर येरझारा घालत राहिला म्हणे. तो दुष्ट नव्हता, भित्रा होता. शेवटी त्याने लोहाराला दार फोडायला बोलावलं. लोहार म्हणाला, माझा घण मोडलाय. सुताराने हात गळ्यात बांधून दाखवला. मग कारभाऱ्याने शहरातून शिपाई आणायला माणूस धाडला. पण बर्फाचं पाणी आल्याने नदी तुडुंब भरली होती आणि तो माणूस अलीकडच्या काठावरच अडकून पडला.

आत पेरीनकडे मुगाएवढ्या रानवाटाण्याचं एक पोतं होतं, आजारी पाखरांसाठी ठेवलेलं. तिने ते पुरवून पुरवून घातलं. ते संपलं. बार्नाबे रोज दाराखालच्या फटीतून तिला भाकर सरकवायचा. आपल्या तोंडचीच. ती एखादा घास खायची आणि बाकीचा चुरा करून पाखरांना टाकायची. हजारांच्या थव्याला तो चुरा कुठून पुरणार?

हळूहळू आवाज बदलत गेला. आधी फडफड होती. मग नुसतं घुमणं उरलं. मग तेही तुटक झालं, आणि मधेच फरशीवर काहीतरी मऊसं पडल्याचा आवाज यायचा. पेरीन शिडीवर चढायची आणि खणांत हात घालायची. काल गरम लागलेला खण आज गार लागायचा. ती गार झालेलं पाखरू काढून खाली भिंतीशी ठेवायची, एकावर एक नाही, एकाशेजारी एक.

एका दुपारी तिचा धीर सुटला. ब्लांश तिच्या मांडीवर येऊन बसली होती आणि तिच्या मुठीत चोच घालून काही मिळतं का बघत होती. मूठ रिकामी होती. पेरीन उठली आणि तिने झरोक्याची दोरी धरली. एक हिसका दिला असता तर फळी वर गेली असती. तेवढ्यात बाहेरून बार्नाबेचा आवाज आला. तो रोज त्याच वेळी यायचा.

"पेरीन, ऐकतेस ना? मातीला भेगा पडल्यात. बारीक. खाली वाकून बघितलं तर दिसतात. बी वर येतंय."

बार्नाबे दाराखालच्या फटीशी वाकला.

"आणखी थोडे दिवस. मूळ धरलं की पाखरांना उपटता यायचं नाही. पेरीन?"

"तू भेगा बघतोस," ती आतून म्हणाली. "मी काय बघते ते मला विचारू नकोस."

तिने दोरी सोडली. संध्याकाळी ब्लांश गेली.

रान हिरवं झालं तेव्हा सगळं गाव बुरुजाखाली जमलं. पूर ओसरला होता, पण शिपाई अजून पोचले नव्हते. बार्नाबेने हातात सातूची चार कोवळी पाती आणली होती, ती त्याने दाराखालून आत सरकवली. आत दोरीचा करकर आवाज झाला. छपरावरची फळी वर गेली. सगळ्यांनी माना वर केल्या, कुणी पोरांना खांद्यावर घेतलं. उरलीसुरली पाखरं तरी बाहेर पडतील, एक तरी पडेल, म्हणून ते बघत राहिले.

काहीच बाहेर आलं नाही.

मग अडसर निघाला आणि पेरीन वाकून बाहेर आली. तिच्या केसांत, बाह्यांवर, पापण्यांवर पिसं होती. तिच्यामागे उघड्या दारातून भिंतीशी ओळीने ठेवलेली पाखरं दिसत होती. गर्दीतली एक बाई, भुकेने कासावीस झालेली, हलकेच म्हणाली, "निदान रस्सा तरी होईल."

"उचलून बघ," पेरीन म्हणाली. "त्यांच्या हाडांवर काही उरलंय का बघ."

त्या बाईने एक पाखरू उचललं, तळव्यावर तोललं आणि रडायला लागली. गावकऱ्यांनी शेताच्या बांधाला मोठा खड्डा काढून सगळी पाखरं पुरली. पांढरी मादी पेरीनने स्वतःच्या हाताने खड्ड्यात ठेवली.

सातू त्या वर्षी कमरेएवढा वाढला.

उन्हाळ्यात मार्की आला. पेरीनला फटके मारून हद्दपार करावं, असं कारभाऱ्याचं म्हणणं होतं. मार्की म्हणाला, आधी मी बुरूज बघतो. भर दुपारी तो एकटाच आत गेला. थोड्या वेळाने बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. त्याने टोपी काढली आणि खांद्यावरून काहीतरी झटकल्यासारखं केलं. खांद्यावर काही नव्हतं.

"आत पाखरं आहेत," तो म्हणाला.

"एकही नाही, मालक," दिलॉर्म म्हणाला.

"मी ऐकली."

त्याने दूरदूरहून कबुतरं आणवली. संध्याकाळी ती बुरुजात सोडली, आणि सकाळी सगळी चर्चच्या मनोऱ्यावर बसलेली आढळली. पुन्हा आणवली, पुन्हा तेच. तेव्हा मार्कीने पेरीनला समोर बोलावलं. फटके नकोत, म्हणाला. "तू राखणदार आहेस. पाखरं परत येईपर्यंत इथेच राहायचं. गाव सोडायचं नाही, बुरूज सोडायचा नाही."

लोकांना वाटलं, थोडक्यात सुटली. पण ती शिक्षा फटक्यांहून जड होती. पेरीन बुरुजालगतच्या झोपडीत राहायची आणि रोज संध्याकाळी आत पंख वाजायचे. आधी ते तिला एकटीलाच ऐकू यायचे, नंतर शेतातून परतणाऱ्या कुणालाही. फडफड, मग घुमणं, मग तुटक घुमणं, मग फरशीवर मऊसं काहीतरी पडणं. रोज त्याच क्रमाने. गाव तिला डोक्यावर घ्यायला तयार होतं. बायका तिच्यासाठी लोणी आणायच्या, पोरांना तिच्या पाया पडायला सांगायच्या. ती लोण्याला हात लावत नसे. शिडीवर चढून रिकाम्या खणांत हात घालत असे आणि खाली आल्यावर एवढंच म्हणे, "भुकेली आहेत."

कापणी झाली त्या दिवशी बार्नाबे तिच्याकडे आला. नव्या सातूचं पहिलं पीठही झालं नव्हतं. मुठीत दाणे होते.

"पेरीन, त्यांना उपाशी तू एकटीने नाही मारलं," तो म्हणाला. "आम्ही बाहेर उभे राहून वाट बघत होतो. जे हिरवं झालं ते आम्ही सगळे खाणार. मग हे ओझं एकट्या तुझ्या उरावर का?"

त्याने बुरुजाच्या उंबऱ्याआत मूठ सोडली. मागून लोहार आला, सुतार आला, रश्शाचं बोललेली ती बाई आली. ज्याच्या घरात त्या वर्षी दाणा आला, तो प्रत्येकजण मूठभर घेऊन आला. अंधार पडेपर्यंत लोक येत होते. त्या संध्याकाळी बुरुजात काही पडल्याचा आवाज आला नाही. नुसतं घुमणं ऐकू आलं, पोट भरलेल्या पाखरांचं असतं तसं, मंद. पेरीन झोपडीच्या दारात बसून ते ऐकत राहिली आणि तिथेच बसल्या बसल्या तिला झोप लागली. कित्येक महिन्यांनी.

पुढे फ्रान्समध्ये उलथापालथ झाली. रयतेने जहागीरदारांचे कबुतरखाने ठिकठिकाणी पाडले, जाळले. शेजारच्या गावांतले लोक पहारी घेऊन ब्रिसोललाही आले, तेव्हा इथलेच शेतकरी बुरुजाभोवती कडं करून उभे राहिले. "शातोचं काय करायचं ते करा," बार्नाबे म्हणाला म्हणे, "हा मालकाचा नाही. हा आमच्या पाखरांचा आहे." आलेल्या लोकांनी आत कान देऊन ऐकलं आणि पहारी खांद्यावर टाकून ते निघून गेले.

मार्की परदेशी पळाला. दिलॉर्म कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. पेरीनला आता अडवणारं कुणी नव्हतं, पण ती गेली नाही. खूप म्हातारी होऊन, शिडी चढता येईना तेव्हा खालच्या ओळीतल्या खणांत तरी हात घालत, ती तिथेच राहिली. तिने प्राण सोडला ती शरद ऋतूतली, गव्हाच्या पेरणीच्या दिवसांतली संध्याकाळ होती. शेतात असलेल्या सगळ्यांच्या डोक्यावरून एक मोठा थवा गेला. वारा लागला, बैल बुजले, मातीवरून सावली सरकली. माना वर केल्या तर आभाळात काही नव्हतं. सावली शेतं ओलांडून बुरुजाकडे गेली आणि झरोक्यातून आत उतरली. लोक धावत गेले, तर पेरीन खांबाला टेकून बसलेली होती, हात मांडीवर उघडे, आणि बोटांच्या मधे एक पांढरं पीस.

तेओफिल इथे थांबतो. मग टोपी पुन्हा डोक्यावर चढवतो.

आजही ब्रिसोलमध्ये ट्रॅक्टर रानात जाण्याआधी घरातलं कुणीतरी बुरुजाशी येतं आणि उंबऱ्याआत मूठभर बी सोडतं. सकाळी तिथे दाणा उरलेला नसतो. गावातले मास्तर म्हणतात, उंदीर खातात. तेओफिल म्हणतो, खात असतील. तो कुणाशी वाद घालत नाही. पाहुण्यांना तो एवढंच सांगतो, की मनात असेल तर कुठल्याही खणात हात घालून बघा. बहुतेक जण हसतात आणि हात खिशात घालतात. एखादा घालतो. दगड आहे, सावलीतला आहे, गार लागणार असं धरून तो हात आत नेतो, आणि मग पटकन मागे घेऊन आपल्या तळव्याकडे बघत राहतो. कारण खण गरम असतो, आत्ताच कुणीतरी अंड्यावरून उठून गेल्यासारखा.